मतदार यादीत घर आहे, गावात नाही!

डिसेंबर १९९७ ला लोकसभा बरखास्त झाली. फेब्रुवारी १९९८ ला पुन्हा मतदान. १९९६ पासून वाजपेयी, देवेगौडा, गुजराल असे तीन पंतप्रधान बघून झाले, आता पुढच्यासाठी जिपा फिरायला लागल्या. शिरवळच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर एकच बोलणं ऐकू येतं, "सगळे चोर! यंदा कुणीतरी बंड करणारा बघायचा." दुसरीकडे पेपरात लिहिणारे शहाणे हळहळतात, की लोकांचा सरकारवरचा विश्वास उडाला, लोक कुणाच्याही मागे जातात. आणि कातकऱ्याबद्दल तर त्यांचं आधीच ठरलेलं आहे : त्याला काय, बाटली दिली की शिक्का मारतो.

या दोघांशीही आमचं भांडण आहे. म्हणून हा अंक.

विश्वास उडाला म्हणता, तो बसला होता कधी?

नीरेकाठी आपली एक वाडी आहे. वीस-बावीस झोपड्या. तीन पिढ्या तिथंच जन्मल्या, तिथंच मेल्या. जागा मात्र दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. मागच्या महिन्यात तिथं बैठक झाली. एका आजीनं कनवटीची पिशवी सोडली आणि दोन कागद पुढं ठेवले. एक मतदाराचं फोटोचं ओळखपत्र. त्याच्याच जोडीला यादीचा उतारा, त्यात तिचा घर क्रमांक. दुसरा कागद पंचायतीचं उत्तर : नमुना आठला आपल्या नावे घराची नोंद आढळून येत नाही. आजी म्हणाली, "यादीत माजं घर हाय. पंचायतीत न्हाई. मंग मी ऱ्हाती कुठं? मतात?"

शहाण्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं आणि मग विश्वासाच्या गोष्टी कराव्यात.

घराची नोंद नाही म्हणून घरकुल नाही. राहत्या जागेचा पुरावा नाही म्हणून रेशन कार्डाला खोट. जातीच्या दाखल्याला बापाचा, आज्याचा कागद मागतात. ज्याचा बाप शाळेची पायरी चढला नाही त्यानं तो कुठून आणायचा? एक कागद दुसरा कागद मागतो, दुसरा तिसरा, आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडं धाडतो. घाण्याच्या बैलासारखा माणूस फिरतो. त्या आजीबरोबर मी स्वतः एका कचेरीत अकरा वेळा गेलो. साहेब मीटिंगला. साहेब दौऱ्यावर. साहेबांची बदली झाली, नवे साहेब रुजू व्हायचेत. अकरा खेपा म्हणजे अकरा दिवसांची मजुरी बुडाली. एवढी किंमत मोजून जी गोष्ट माणूस शिकतो, तिला अडाणीपणा म्हणायचं? तो अनुभव आहे!

कायदे नाहीत असंही नाही. कायदे भरपूर आहेत. २७ डिसेंबर १९७८ ला राज्य सरकारनं ठरवलं की १९७२ ते ७८ या काळातली भूमिहीनांची वनजमिनीवरची अतिक्रमणं कायम करायची. कागदावर झकास! पण पुरावा काय मागितला? दंडाची पावती. म्हणजे ज्याला गार्डानं पकडलं, दंड केला आणि पावतीही फाडली, तोच खरा कसणारा. आणि ज्यानं गार्डाला कोंबडी देऊन सुटका करून घेतली, त्याच्याकडं कसली पावती? पुढं १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि ते दारही निम्मं लोटलं गेलं. आदिवासी गावांना ग्रामसभेचे अधिकार देणारा कायदा डिसेंबर १९९६ ला झाला. तो फक्त अनुसूचित क्षेत्राला. सातारा त्यात नाही. म्हणजे जंगलखात्याच्या लेखी आम्ही अतिक्रमणवाले, पंचायतीच्या लेखी बेघर आणि नव्या कायद्याच्या लेखी आदिवासी असून नसलेले. नागरिक आम्ही फक्त मतदानाच्या दिवशी.

आता बंडखोराकडे वळू.

१९७७ ला आणीबाणीवर चिडून निम्मा देश फिरला, तेव्हा सातारा जागचा हलला नाही. यशवंतराव निवडून आले. तोच सातारा १९९६ ला हलला आणि सेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर खासदार झाले. त्याच्या आधी फेब्रुवारी-मार्च १९९५ ला अख्ख्या राज्यात ७२ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. काँग्रेस ८० वर आली. युतीला १३८ मिळाल्या आणि तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. ही सगळी मतं काय बाटलीवर फिरली? नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ ला विधिमंडळावर आलेल्या मोर्चात ११४ गोवारी चेंगरून मेले. त्यात बायाबापड्या होत्या, लेकरं होती. गोवारींच्या मागणीबद्दल आदिवासींत मतभेद आहेत, ते असू द्या. पण दिवसभर उन्हात बसलेल्या माणसांचं निवेदन घ्यायला सरकारातलं कुणी खाली आलं नाही, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. ज्याला ज्याला कधी कचेरीच्या दारातून हाकललं होतं, त्याला ते आपलंच वाटलं. राग खरा होता. राग बरोबर होता.

पण साथींनो, तो राग आपण ठेवला कुणाच्या हातात?

ते ४५ अपक्ष कोण होते? बहुतेक काँग्रेसचेच, तिकीट नाकारलेले. त्यातले कितीतरी साखर कारखान्यात, बँकेत, दूध संघात वाढलेले. घरातलं भांडण झालं म्हणून एक भाऊ पुढच्या दारानं बाहेर पडला आणि मागच्या दारानं आत आला. आम्ही समजलो बंड झालं! अपक्षांच्या टेकूवर सरकार बसलं, काही जण मंत्री झाले. पश्चिम महाराष्ट्राच्या वाट्याला १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ आलं. रोखे काढून पैसा उभा राहिला, धरणांची कामं निघाली. दुष्काळी शेतकऱ्याला पाणी मिळायलाच पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. पण पाणी जातं सातबारा असलेल्याच्या शेतात. ज्याला सातबाराच नाही त्याच्या वाट्याला काय? कालव्याच्या खोदाईची मजुरी, तीही ठेकेदार देईल तेवढी.

ज्यांनी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू म्हणून सभा गाजवल्या, त्यांनी ऑगस्ट १९९५ ला करार रद्द केला आणि पाच-सहा महिन्यांत आधीपेक्षा मोठा प्रकल्प मंजूर केला. रुपयात झुणका-भाकर आली. एस.टी. स्टँडाशेजारी गाळे आले. भाकर किती जणांनी खाल्ली आणि जागा कुणी खाल्ली, हे तुम्हीच बघा. गोवारींना विशेष मागास प्रवर्गात बसवलं, जमातीत नाही. आणि नीरेकाठच्या आजीचा नमुना आठ? तो १९९५ च्या आधी कोरा होता, आजही कोरा आहे.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच : अविश्वास ठेवा, तो आपला हक्क आहे. पण अविश्वास म्हणजे काही देवळात वाहायचा नारळ नाही, की नवा पुजारी आला की त्याच्या हातात द्यावा. सरकारवर विश्वास नाही आणि बंडखोरावर आहे, हा अर्धवट अविश्वास झाला. पुरता अविश्वास ठेवणारा माणूस कुणाच्या भरवशावर बसत नाही, तो स्वतः उठतो.

याच साताऱ्यात, सांगलीही त्यातच होती तेव्हा, ४३ ते ४६ या काळात लोकांचा इंग्रजाच्या कोर्टावर विश्वास उरला नव्हता. त्यांनी काय केलं? नाना पाटलांच्या प्रतिसरकारात गावोगाव न्यायदान मंडळं बसवली आणि आपले तंटे आपण सोडवले. उत्तर ठाण्यात कष्टकरी संघटनेच्या साथींनी ७८ च्या निर्णयाचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं, तेव्हा १९९१ ला कोर्टानं दावे नीट तपासायला लावले, नुसती सरकारी पावती पाहून भागणार नाही म्हणून. त्याच वर्षी राज्य सरकारनं मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानातली अतिक्रमणं कायम करायचा निर्णय काढला. त्याच्या मागं दादासाहेब गायकवाडांच्या काळापासूनचे भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत, लोकांनी भोगलेले तुरुंग आहेत. यातलं काहीही कुणा एका उमेदवाराच्या कृपेनं झालं नाही.

मत देऊ नका असं संघटना म्हणत नाही. मत मिळवायलाही आपल्या माणसांनी कमी सोसलं नाही. पण यंदा असं करू :

१. जो उमेदवार मत मागायला येईल, जुना असो की बंडखोर, त्यानं वाडीत यावं, सगळ्यांसमोर बसावं. वाडीचा एक माणूस बाजूला घेऊन बोलणं नाही.

२. त्याला तीनच प्रश्न विचारायचे. घराखालची जागा आमच्या नावे कधी? कसलेल्या वनजमिनीचे दावे कधी तपासणार? जातीच्या दाखल्यासाठी अधिकारी वाडीत कधी येणार? उत्तर कागदावर, सहीनिशी. वाडीच्या वहीत ते डकवून ठेवायचं.

३. फेब्रुवारीत निम्मी वाडी वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर असते. मालक सांगेल, उचल फिटल्याशिवाय जायचं नाही. त्याला सांगा, १९९६ पासून मतदानाला पगारी सुट्टी कायद्यानं आहे, रोजंदारीवाल्यालाही. उचलीपायी माणूस अडकवणं तर १९७६ पासून गुन्हा आहे.

४. निकाल कुणाचाही लागो, त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सगळ्या वाड्यांनी मिळून कचेरीवर जायचं. एकट्या माणसाच्या अकरा खेपांना कुणी विचारत नाही. अकराशे माणसांची एक खेप साहेबाला मीटिंगमधून उठवते.

आजी त्या दिवशी बैठकीतून उठताना म्हणाली, "निवडून कुणीबी येऊ दे. माजं घर लिवून घ्यायला लावा."

कामाला लागू या. ज्याला वाचता येतं त्यानं हा कागद वाडीत मोठ्यानं वाचावा आणि पुढच्या वाडीला पोचवावा.

जमीन आमच्या हक्काची!
संघटना जिंदाबाद!