व्याकरणाच्या आडून

परवा एका व्याख्यानात एका विद्वान गृहस्थांनी ठणकावून सांगितलं: ‘तो’ की ‘ती’ हे शरीर बघून ठरतं, माणसाला विचारून नव्हे, हे विचारण्याचं खूळ परदेशी आहे, त्यापायी मराठीचं व्याकरण मोडेल. टाळ्याही पडल्या. मला मात्र राग आला.

आधी व्याकरणच बघू. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणत आल्या. मराठी मोडली? लाडात आलेली आई मुलीला ‘अरे सोन्या, दमलास का?’ म्हणते. वारीत पिळदार मिशांचा वारकरी तशाच दुसऱ्याला ‘माउली’ म्हणून वाकून नमस्कार करतो आणि विठोबाची विठाई होते. प्रेमापोटी, भक्तीपोटी लिंग बदललेलं चालतं. समोरच्याने स्वतःसाठी मागितलं की लगेच व्याकरण आठवतं! विधवेच्या नावाआधीचं ‘गं. भा.’ही अनेकांनी सोडलं, त्याने मराठी बुडाली नाही.

खूळ परदेशी म्हणे. मग यल्लम्माचे लुगडं नेसणारे जोगते कुठून आले?

आणि शरीराचं म्हणाल, तर ते तपासायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला, हे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजीच सांगितलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेचा अर्ज बाद झाला होता. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं आणि गावाने निवडूनही दिलं. गावाला जे कळलं ते व्यासपीठावर का कळू नये?

एका कचेरीत मी पाहिलंय. खिडकीशी दाखल्यासाठी आलेली हिरव्या साडीतली बाई, हातातल्या ओळखपत्रावर ‘स्त्री’ छापलेलं. कारकुनाने ते वाचलं आणि तो मागे वळून मोठ्याने म्हणाला, ‘हा बघा काय म्हणतोय.’ सगळी रांग वळून बघू लागली. तिने कागद गोळा केले आणि काम न होताच ती निघून गेली. व्याकरण जपलं गेलं असेल. त्या बाईचा दाखला राहिला.

करायचं ते फार अवघड नाही. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत लिंग आहे. ‘तुम्ही आलात’मध्ये नाही. अनोळखी माणसाला अहो-जाहो करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. त्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर ‘तुमचा उल्लेख कसा करू?’ असं विचारा आणि सांगतील तसा करा. कचेऱ्यांतल्या खिडक्यांवर तर हा नियमच हवा.