हिशेब गव्हाणीआधीचा



‘साखर कारखाने पाणी पितात’ हे म्हणणे अर्धेच खरे. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते. रस आटवताना त्यातल्या बऱ्याच पाण्याची वाफ होते, ती थंड करून पुन्हा वापरता येते. टनामागे साधारण ३०० किलो बगॅस निघतो, त्यावर बॉयलर चालतो, वीज होते. मळीचे इथेनॉल, प्रेसमडचे खत. इतका काटकसरी धंदा दुसरा दाखवा! पाणी मुरते ते ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडण्याआधी, पाटाने भिजवलेल्या फडात. (माझ्याकडेही ठिबक उशिराच आले.) एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वे दुष्काळी लातूरला आली, तेव्हा आपण घागरी मोजल्या, ऊस नाही. लातूर-नांदेडच्या कारखान्यांनी साखर उताऱ्याशेजारी टनामागे लागलेले शेतातले पाणीही फलकावर लिहावे.

– एक ऊस उत्पादक, औसा (जि. लातूर)