आरोपीनेच लिहिलेला पंचनामा

फोन बिघडतो याचा मला राग येत नाही. सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला एवढं कळतं की, लाखोंनी बनणाऱ्या वस्तूंमध्ये काही सदोष निघणारच. राग येतो तो पुढच्या पायरीवर. दोष फोनचा की वापरणाऱ्याचा, हे ठरवायचा अधिकार आपण फोन बनवणाऱ्याच्याच हातात देऊन टाकला आहे. आरोपी तोच, पंच तोच आणि दुरुस्तीचं बिल फाडणाराही तोच.

कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा. टोकन घ्या, बसा. तुमचा नंबर आला की फोन आत जातो, तुम्हाला न दिसणाऱ्या टेबलावर उघडला जातो आणि थोड्या वेळाने एक कागद बाहेर येतो : जॉबशीट. त्यावर ‘लिक्विड डॅमेज’ किंवा ‘फिजिकल डॅमेज’ एवढे दोन शब्द छापले गेले की वॉरंटी गेली. मग इस्टिमेट येतं, आणि ते बहुतेक वेळा असं असतं की दुरुस्ती करण्यापेक्षा नवा फोन घेणं शहाणपणाचं वाटावं. निदान मान्य नसेल तर कुठे जायचं, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. अपघातात ज्याच्या गाडीने ठोकलं त्यालाच पंचनामा लिहायला बसवलं, तर आपण चौकी डोक्यावर घेऊ. इथे मात्र सही करून घरी येतो.

माझ्या फोनचं चार्जिंग दहाव्या महिन्यात बंद पडलं. कंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही. निदान : पाणी गेलंय. कुठून, किती, कुठे दिसलं, या प्रश्नांना उत्तर एकच : “सर, सिस्टममध्ये तसंच दाखवतंय.” तोच फोन कोपरखैरण्यात स्टेशनजवळच्या एका गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर उघडला आणि बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरून मलाच बघायला लावला. गंज नाही, डाग नाही. चार्जिंगची आयसी गेली होती. ती त्याने बदलली, आणि कंपनीने नव्या बोर्डाचे जेवढे सांगितले होते त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी पैसे घेतले. तो बरोबर आणि कंपनी चूक, हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण एकाने पुरावा दाखवला आणि दुसऱ्याने नुसता निकाल ऐकवला, एवढं तर कोणीही सांगेल.

हा पाण्याचा मुद्दा आणखी ताणून बघू. जाहिरातीत फोन तलावात बुडतो, नळाखाली धुतला जातो. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत मात्र पाण्याने झालेलं नुकसान धरलं जात नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये याच विसंगतीवर बोट ठेवून अॅपलला १ कोटी युरोंचा दंड केला. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला पाणीरोधकतेच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. आपल्याकडे जुलै महिन्यात ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने घरी येणाऱ्या माणसाच्या खिशातल्या फोनवर तोच शिक्का बसतो आणि तो बिचारा स्वतःलाच विचारत राहतो, ‘खरंच भिजला होता का?’

आता हिरव्या रेषेकडे या. अमोलेड स्क्रीनवर एके सकाळी वरपासून खालपर्यंत एक हिरवी किंवा गुलाबी रेष उमटते. फोन पडलेला नसतो, ओरखडासुद्धा नसतो. पुष्कळांच्या फोनवर ती सॉफ्टवेअर अपडेटनंतर दिसली, आणि बऱ्याचदा वॉरंटीचं वर्ष उलटल्यावर. तक्रारींचा ढीग साठला तेव्हा २०२३ मध्ये वनप्लसने भारतात आठ आणि नऊ मालिकेतल्या काही मॉडेल्सच्या स्क्रीनला आजीवन वॉरंटी दिली. २०२४ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगने निवडक गॅलेक्सी मॉडेल्सची स्क्रीन एकदा मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. डिसेंबर २०२४ मध्ये वनप्लसने या रेषेसाठीची आजीवन वॉरंटी आपल्या सगळ्या फोनना लागू केली आणि स्क्रीनच्या कडेचं आवरण सुधारल्याचं, ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत चाचणी घेत असल्याचं सांगितलं.

चांगलं केलं. पण याचा अर्थ नीट वाचा. उष्णता आणि दमटपणा हे या दोषाचं कारण असेल, तर खाडीकाठच्या नवी मुंबईत राहणं हा ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरत नाही. इथली हवा फोन विकायला येण्याआधीपासून अशीच आहे. जी गोष्ट नंतर कंपनीने स्वतःहून फुकट दुरुस्त करायची ठरवली, तिच्यासाठी आधी लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले. त्यांच्या जॉबशीटवर तेव्हा जे लिहिलं गेलं, ते खरं होतं की सोयीचं?

हे फक्त गिऱ्हाइकांचं रडगाणं आहे असंही नाही. २०२४ मध्ये दक्षिणेतल्या संघटित मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनेने १ मेपासून वनप्लसची विक्री थांबवण्याचा इशारा दिला. त्यात महाराष्ट्रातलीही दुकानं होती. कमी नफ्याच्या जोडीला एक तक्रार होती, वॉरंटीचे दावे वेळेत निकाली निघत नाहीत ही. वर्षाला हजारो फोन खपवणाऱ्या दुकानदाराचं जिथे कोणी ऐकत नाही, तिथे एका फोनवाल्या माणसाचं कोण ऐकणार?

काउंटरवरच्या पोरावर ओरडून उपयोग नाही. बहुतेक सर्व्हिस सेंटर कंपनीची नसतातच, कंत्राटावर चालतात. समोरच्या मुलाच्या हातात निर्णय नाही, स्क्रीनवरचे पर्याय आहेत. त्याला दिवसाला अमुक तिकिटं बंद करायची आहेत. माझ्याही ऑफिसात तिकिटं असतात, म्हणून हा खेळ मला ओळखीचा आहे. तिकीट ‘बंद’ होणं आणि प्रश्न ‘सुटणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आलेखावर नेहमी पहिलीच दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस काढली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात १०,६४४ तक्रारी जमल्या होत्या. कंपनीचं उत्तर होतं : ९९.१ टक्के सोडवल्या. प्राधिकरणाने त्या दाव्यावर विसंबून न राहता चौकशी लावली. वस्तू स्कूटर होती, पण दुखणं हेच.

“लोकही खोटं बोलतात. फोन बादलीत पाडतात आणि ‘आपोआप बंद पडला’ म्हणतात,” असं कोणी म्हणेल. बोलतात की! म्हणूनच तर दोन्ही बाजूंना बांधील नसलेलं निदान हवं. ग्राहकावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. कंपनीवरही आंधळा ठेवू नका, एवढंच म्हणतो.

कायदा आहे का? आहे, आणि वाईट नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कोपरखैरणेकरांसाठी तो ठाणे जिल्हा. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षांची, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. वस्तूतला दोष तपासायला आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण त्या तपासणीचे पैसे आधी तक्रारदाराला भरायला सांगता येतात. निकालासाठी कायद्याने ठरवलेला काळ, तपासणी लागली तर, पाच महिने. वीस हजारांच्या फोनसाठी पाच महिने कोण थांबेल? डिलिव्हरी करणारा मुलगा तर पाच दिवसही थांबू शकत नाही. त्याचा फोन म्हणजे त्याचं दुकान. फोन जमा, म्हणजे कमाई बंद, यूपीआय बंद, ओटीपी बंद. वॉरंटीत फोन आठवडाभर पडून राहिला तरी त्याला बदली फोन मिळत नाही. कंपन्यांना हे गणित आपल्याहून चांगलं येतं.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला : मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग, पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट, बाहेरच्या व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांनाही भाग आणि माहिती. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती झाली, त्या डिसेंबरात पोर्टल आलं, मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल आला. तिकडे सक्ती, इकडे पोर्टल. फोन विकणाऱ्या कंपन्या बऱ्याच अंशी त्याच.

ज्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तिथल्या आपल्या पिढीने तक्रार म्हणजे एक्सवर कंपनीला टॅग करणं एवढ्यावर आणून ठेवली आहे. उत्तर येतं, ‘कृपया डीएम करा’. या तीन शब्दांत सगळी हुशारी आहे. डीएममध्ये गेलेली तक्रार दुसऱ्या कोणाला दिसत नाही, मोजली जात नाही, तिच्यासारख्या हजार तक्रारींना जाऊन मिळत नाही. ज्याचे फॉलोअर जास्त त्याला गुपचूप नवा फोन, बाकीच्यांना जॉबशीट.

म्हणून मागण्या साध्या आहेत. वॉरंटी नाकारायची असेल तर उघडलेल्या फोनचे फोटो आणि कारण लेखी द्या. ते मान्य नसेल तर कंपनीच्या खर्चाने, ठरावीक दिवसांत तिसऱ्याकडून तपासणी करा. फोन तुमच्याकडे पडून आहे तेवढे दिवस वॉरंटीत वाढवा. कोणत्या मॉडेलच्या किती तक्रारी आल्या आणि किती नाकारल्या, हे दर तिमाहीला जाहीर करा. सुटे भाग गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्यालाही विका.

हे होईपर्यंत आपल्या हातात एवढं आहे. जॉबशीटवर सही करताना ‘निदान अमान्य’ असं लिहा आणि तिचा फोटो काढून ठेवा. डीएम करण्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि कंपनीने ती न सोडवताच ‘सुटली’ म्हणून बंद केली तर तसं लेखी कळवा. एकाच मॉडेलचे, एकाच दोषाचे दहा जण भेटले तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार दाखल करायची सोय कायद्यात आहे, ती वापरा. ओलाला नोटीस गेली ती कोणाच्या व्हायरल व्हिडिओमुळे नव्हे. १०,६४४ जणांनी आपली तक्रार मोजली जाईल अशा जागी नोंदवली होती.