सहा रुपयांचं अंडं

‘शाळा म्हणजे कंपनी नव्हे, तिथे मॅनेजमेंट कशाला आणता?’ हा आक्षेप घेणारी माणसं शिक्षणाविषयी कळकळ असलेली असतात, म्हणून त्याला नीट उत्तर देणं भाग आहे. मुलाचं शिकणं तक्त्यात मावत नाही, शिक्षक हा यंत्रावरचा कामगार नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. वर्गात जे घडतं ते शिक्षकावर सोडावं, पण पुस्तक, दूध, अंडं आणि खुद्द शिक्षक वर्गापर्यंत पोहोचवणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. तिथल्या ढिलाईची किंमत मुलंच मोजतात.

कर्नाटकातल्या अंड्याचं पाहा. जुलै 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने राज्य सरकारशी करार केला. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस अंडं मिळत होतं, ते सहा दिवस द्यायचं ठरलं. त्यासाठी तीन वर्षांत दीड हजार कोटींहून अधिक रुपये फाउंडेशन देणार. हेतू उत्तम, पैसाही हाताशी. पण एका अंड्यामागे दर धरला 6 रुपये, आणि त्यातच अंड्याची खरेदी, उकडायचं जळण, सोलणावळ आणि वाहतूक. बाजारात अंड्याचा भाव वर्षभर एका जागी थांबत नाही. थंडीत तो चढतो आणि कधीकधी नुसतं अंडंच सहा रुपयांच्या वर जातं. वरचे पैसे कुणी घालायचे? मुख्याध्यापकांनी ही तक्रार पुन्हा पुन्हा केली आहे. मुख्याध्यापकाने पदरचे पैसे घातले तर त्याच्यावर अन्याय, नाही घातले तर मुलाच्या ताटात अंडं कमी.

घोषणेपासून ताटापर्यंतचा हा रस्ता आधी कुणी चालून पाहिला असता, तर खाचखळगे तेव्हाच दिसले असते. कामकाज सुधारण्याचा पहिला धडा एवढाच असतो : काम आज प्रत्यक्षात कसं होतं ते टप्प्याटप्प्याने कागदावर मांडा. अंडी कोण आणतो, कुठून, कुणाच्या पैशाने, ते पैसे त्याला किती दिवसांनी परत मिळतात, भाव वाढला तर निर्णय कुणाचा? शेवटच्या प्रश्नापुढे जागा कोरी राहते, आणि सगळा घोटाळा त्या कोऱ्या जागेत आहे. उपायही अवघड नाही. पुण्यात मुख्यालय असलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, शहरवार भाव रोज जाहीर करते आणि त्यात बेंगळुरूही असतं. शाळांचा दर त्या भावाच्या मासिक सरासरीशी बांधा, खरेदीसाठी थोडी रक्कम आगाऊ द्या. बेंगळुरूतल्या कितीतरी मराठी घरांत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. त्यांच्या कंपनीत भाव बदलणाऱ्या मालाला ठरीव दर लावून कुणी तीन वर्षांचं काम सुरू करू देणार नाही. मग हा शहाणपणा सरकारी शाळेच्या दारात का अडावा?

‘हे सगळं परकं, कॉर्पोरेट खूळ आहे’ असंही म्हटलं जातं. मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण एका फर्मानाने सगळीकडे लादलं नाही. 1893 मध्ये अमरेली भागातल्या निवडक गावांत त्यांनी ते आधी करून पाहिलं आणि 1906 मध्ये संस्थानभर लागू केलं. मध्ये तेरा वर्षं गेली. त्या काळात ‘पायलट’ हा शब्द कुणी वापरला नसेल, पण लहान जागी करून पाहावं आणि मग वाढवावं ही रीत आपल्याच घरात होती. आज योजना राज्यभर एकाच दिवशी सुरू होते आणि त्रुटी मागाहून कळतात.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो, कारण व्यवस्थापनाचं नाव खराब केलं ते त्यांनी. त्यांना वाटतं, अॅप केलं की सुधारणा झाली. हजेरी एका पोर्टलवर, आहाराची नोंद दुसरीकडे, आणि तीच माहिती संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पुन्हा. महाराष्ट्रात 2015 मध्ये शाळांची माहिती ऑनलाइन भरायची ‘सरल’ प्रणाली आली तेव्हापासून तिथले शिक्षकही हेच सांगत आले आहेत. वरच्या कार्यालयाला आलेख दिसतो, पण तो भरणाऱ्याचा तास गेलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढी कामं सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नका असं सांगतं. तरी 2025 च्या सप्टेंबरात कर्नाटकच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरले, आणि काम मुदतीत उरकेना तेव्हा शाळांची दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत लांबवली. सर्वेक्षण हवं की नको हा वेगळा वाद. पण कामाला किती माणसं आणि किती दिवस लागतील याचा अंदाज चुकला, आणि ती चूक मुलांच्या दिवसांतून भरून काढली, हे मला अक्षम्य वाटतं.

मग चांगली सुधारणा कशी असते? तेही कर्नाटकातच पाहायला मिळतं. शिक्षकांची बदली हा पूर्वी आमदाराच्या चिठ्ठीचा मामला होता. 2007 च्या कायद्याने बदल्यांना नियमांची चौकट दिली, आणि समुपदेशनाच्या पद्धतीत रिकाम्या जागा व प्राधान्ययादी आधी जाहीर होऊ लागल्या. शिक्षक आपल्या क्रमाने येतो, पडद्यावर उरलेल्या जागा पाहतो आणि सगळ्यांदेखत एक निवडतो. संगणक इथेही आहे, पण तो शिक्षकाला माहिती देतो, नुसती मागत नाही. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. शहरात बरीच वर्षं काढलेल्यांच्या सक्तीच्या बदल्यांवरून 2019 मध्ये मोठा असंतोष झाला आणि 2020 मध्ये नवा कायदा आला. मला त्यात अपयश दिसत नाही. नियम लिहिलेला होता म्हणून त्यातली चूक दाखवता आली. चिठ्ठीतली चूक कुणी दाखवणार कशी?

बेंगळुरू शहराचे शिक्षण खात्याने उत्तर आणि दक्षिण असे दोन शैक्षणिक जिल्हे केले आहेत. उपसंचालकांनी एखादा गट निवडावा आणि तिथल्या मुख्याध्यापकांना, स्वयंपाकीणबाईंना आणि शाळा विकास समितीतल्या पालकांना एका टेबलाभोवती बसवून अंड्याचा हा रस्ता मांडावा. नवा तक्ता मागायचा असेल तर जुना कोणता बंद केला ते त्याच आदेशात लिहावं. दर ठरवायचा अधिकार कुणाचा, त्या कोऱ्या जागेत एका अधिकाऱ्याचं पद लिहावं. आणि हे सारं थंडीत भाव चढण्याआधी व्हावं.