चला, भटकू या! : लढाईच्या वाटेवर मुक्काम

दोस्तांनो, घाटनांदूर हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? परळीहून उदगीर-बिदरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की थोड्या वेळात हे स्टेशन येतं. तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड. ज्यांचं आजोळ इकडे आहे, त्यांना बालाघाटच्या या माळरानाची चांगली ओळख असणार. बाकीच्यांनी एक करा. नकाशा घ्या, पट्टी घ्या आणि उदगीरपासून धारूरपर्यंत सरळ रेघ ओढा. ती घाटनांदूरच्या जवळून जाते की नाही बघा.

ही रेघ मी उगाच ओढायला सांगितली नाही, बरं का! १७६० सालच्या जानेवारीत निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली उदगीरला होते. त्यांना धारूर गाठायचं होतं, कारण तिथली फौज येऊन मिळाली असती, तर त्यांचं बळ वाढलं असतं. नेमकं तेच होऊ द्यायचं नाही, असं सदाशिवरावभाऊंनी ठरवलं. भाऊ तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते. त्यांच्या बाजूला इब्राहिमखान गारदी होता. हा तोफखान्यातला आणि कवायती पायदळातला पक्का माणूस. गंमत म्हणजे थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत तो निजामाच्याच चाकरीत होता!

निजामाची फौज चारी बाजूंना तोफा ठेवून, मध्ये सामानसुमान घेऊन औशाच्या दिशेने सरकू लागली. मराठ्यांचे घोडेस्वार भोवती घिरट्या घालत राहिले. कुठे दाणागोटा अडव, कुठे मागे राहिलेली तुकडी गाठ. शेवटी ३ फेब्रुवारी १७६० रोजी मराठ्यांनी जोराचा हल्ला करून ती फळी फोडली. धारूर दूरच राहिलं. तहात दौलताबाद, अशीरगड, विजापूर असे किल्ले आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळाला. पुढची गोष्ट तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याची बातमी आली, मार्चमध्ये भाऊ परतूरहून उत्तरेला निघाले, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. उदगीरच्या विजयाला वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं.

पण आज मला सेनापतींबद्दल नाही, पाहुण्यांबद्दल बोलायचंय. कसले पाहुणे? अहो, फौज म्हणजे पाहुणेच की! न बोलावता आलेले. आणि आले केव्हा, तर जानेवारीत. म्हणजे रानात शाळू ज्वारी उभी, कणसात दूध भरलेलं. वर्षभराची भाकरी ज्या दिवसांत डोळ्यांसमोर डुलत असते, नेमक्या त्याच दिवसांत.

आता वही काढा, एक गणित करू. एक घोडा दिवसाला साधारण ३० ते ४० लिटर पाणी पितो. हिशेबापुरते १० हजार घोडे धरू आणि प्रत्येकाला ३० लिटर. किती झालं? रोजचं तीन लाख लिटर! बैल, उंट, हत्ती आणि माणसं अजून मोजलीच नाहीत. हा आकडा मोठा की छोटा, हे समजायला आपल्या काळातली एक गोष्ट आठवा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचा घसा कोरडा पडला होता. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात, धनेगावला आहे. ते आटलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलमधल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे आपल्या हिशेबातल्या घोड्यांना ती गाडी पुरते दोन दिवससुद्धा पुरली नसती. गावच्या विहिरीवर आणि ओढ्यावर असा तळ पडला, तर काय होत असेल? त्यात घोड्यांना वैरण लागायची, चुलींना सरपण लागायचं. गावकरी धान्य जमिनीखालच्या पेवांत लपवायचे आणि फौजा ती पेवं हुडकायच्या. बखरींत किल्ल्यांची नावं असतात. कुणाचं पेव रिकामं झालं, ते नसतं.

आता आजच्या पाहुण्यांकडे येऊ. सध्या ‘पर्यावरणपूरक निवास’ अशा पाट्यांचं पेव फुटलंय. (बघा, हा वाक्प्रचार त्या जमिनीतल्या पेवावरूनच आला!) शेतावर राहायला जायची कल्पना आपल्याकडे बारामतीच्या परिसरातून पुढे आली. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं. कल्पना फार छान आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, शहरातल्या मुलांना ज्वारी झाडाला लागत नाही हे कळतं. पण गवताचं छप्पर घालून आत एसी लावला आणि दारात हिरवळीवर पाण्याचे फवारे उडवले, तर त्याला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं? मला तर ते नाटकातल्या झोपडीसारखं वाटतं.

खरी वस्तू पाहायची, तर मराठवाड्यातलं माळवदाचं घर बघा. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती. वर लाकडी लग, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती गावाच्या जुन्या पांढरीतून आणायची. ती दाबून बसवली, की पाणी सहसा आत उतरत नाही. उजेडासाठी छताला भोक, त्याचं नाव सवणं. बाहेर ऊन रणरणत असलं, तरी आत गारवा. विजेचं बिल शून्य! आणि घर पडलं, तरी माती मातीला मिळते, लाकूड पुन्हा वापरता येतं.

थांबा, पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातलं. म्हणजे निजामाची फौज ज्या औशाकडे सरकत होती, तोच हा मुलूख. हजारो माणसं झोपेतच गेली. नुसत्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि वरची टनावारी माती अंगावर आली. त्यानंतर कित्येकांनी माळवदाची धास्ती घेतली आणि सिमेंटच्या खोल्या बांधल्या. त्यांना कोण नावं ठेवणार? पण पाहणी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. लाकडी खांब आणि लग एकमेकांना नीट जखडलेले होते, तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणं होती. म्हणून आता असं घर बांधताना किंवा दुरुस्त करताना इंजिनियर काही गोष्टी करायला सांगतात : भिंतीच्या दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड, चारी भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरके आधार आणि छतावरच्या मातीचं कमी वजन. मुक्कामाला जाल, तेव्हा आई-बाबांना मालकांकडे याची चौकशी करायला सांगा. ‘काका, भिंतींना पट्टा आहे का हो?’ असं तुम्हीच विचारलंत, तर काकांच्या भुवया नक्की वर जातील!

दुसरा प्रश्न पाण्याचा. पाणी कुठून येतं? स्वतःच्या विहिरीचं की विकतच्या टँकरचं? मोरीतलं पाणी केळीला, आळूला जातं की रस्त्यावर सोडलंय? शॉवर दहा मिनिटं चालू ठेवला, तर शंभरेक लिटर पाणी सहज जातं. बादलीभर पाण्यात, पंधरा-वीस लिटरांत, आंघोळ होते. मार्च-एप्रिलात या भागात जायचंच झालं, तर आधी फोन करून पाणी आहे का ते विचारा. ‘यंदा पाण्याची ओढ आहे, पाऊस झाल्यावर या’ असं स्पष्ट सांगणारा मालक भेटला, तर तो पत्ता जपून ठेवा.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच. तेव्हा हुरडा असतो ना! गवऱ्यांची आगटी पेटवायची, गूळभेंडीची कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसायची आणि गरम असतानाच हातावर चोळायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. प्लास्टिकच्या ताटल्या कशाला हव्यात? रुमालावर घ्या, नाही तर सरळ ओंजळीत. एकच सांगतो, कणसं मालकानेच खुडायची. हौसेने रानात घुसून चार धाटं मोडणाऱ्या शहरी पाहुण्यांची इकडच्या बायका फार मजेदार नक्कल करतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बांधून रेल्वेने उदगीर गाठा. निघण्याआधी स्टेशनावर वेळ विचारून घ्या, कारण या मार्गावर गाड्या थोड्या आहेत. उदगीरचा किल्ला भुईकोट. त्याच्याभोवती खोल खंदक आहे आणि ज्यांच्यावरून गावाला नाव पडलं असं मानतात, त्या उदागीर महाराजांचं स्थान किल्ल्यातच आहे. बुरुजावर उभे राहून पश्चिमेकडे तोंड करा. औसा त्या बाजूला आहे. तोफा ओढणारे बैल, मागे धुरळा आणि मधल्या प्रत्येक गावात विहिरीकडे धावणारी माणसं, एवढं डोळे मिटून बघा.

आणि हो, तुमच्या आजोळी माळवदाचं घर अजून उभं असेल, तर त्याचं चित्र काढून आमच्याकडे पाठवा. त्यात लग आणि सवणं दाखवायला विसरू नका. भिंतीची जाडी वितीने मोजून चित्राखाली लिहा. पेव कुठे होतं, ते आजीला विचारा. आजीला नक्की ठाऊक असेल.