इनामगाव : दुष्काळानंतरही तीनशे वर्षे टिकलेले गाव

१/
शिरूर आणि दौंड तालुक्यांचा इतिहास म्हटला की ठरावीक नावे पुढे येतात. वढू बुद्रुक येथील छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. पाबळची मस्तानीची कबर. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघून दुसऱ्या दिवशी कोरेगावला पोहोचलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी. १८७८ साली मनमाडशी जोडले गेलेले दौंडचे जंक्शन. ही सर्व स्थळे महत्त्वाची आहेतच; परंतु या यादीतील सर्वांत जुनी घटनाही साडेतीनशे वर्षांच्या आतली आहे. त्याच मातीत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे एक संपूर्ण गाव उत्खनित झाले आहे आणि त्याचे नाव यादीत क्वचितच असते.

२/
ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातील इनामगाव, घोड नदीच्या उजव्या तीरावरचे. गंमत अशी की त्या जागी सर्वांत अर्वाचीन काही असेल, तर ते हे नावच. ‘इनाम’ हा अरबी शब्द फारसी राजव्यवहारातून मराठीत आला. ज्या लोकांची घरे तेथे सापडली ते स्वतःच्या वस्तीला काय म्हणत होते, हे कोणत्याही पुराव्यातून कळण्याजोगे नाही. त्यांना लेखनकला अवगत नव्हती.

३/
या गावाची कथा बहुधा तीन वाक्यांत सांगितली जाते : शेतकरी येऊन वसले, समृद्ध झाले, मग दुष्काळ पडला आणि गाव उठले. पहिली दोन वाक्ये बरीचशी बरोबर आहेत. तिसऱ्या वाक्यात मात्र तीनशे वर्षे गिळंकृत झाली आहेत, आणि इनामगावचा खरा इतिहास त्याच तीनशे वर्षांत आहे.

४/
प्रथम भूगोल. घोड नदी सह्याद्रीत, भीमाशंकरच्या उत्तरेकडील आहुपेच्या डोंगरात उगम पावते. त्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. नदी पूर्वेकडे उतरत शिरूरपर्यंत येते तेव्हा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आलेला असतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. आकाश देत नाही ते नदी डोंगरातून आणून देते, हे या खोऱ्याचे साधे गणित आहे. पुढे दौंडच्या वरच्या अंगाला घोड भीमेला मिळते आणि भीमथडीचा सपाट मुलूख सुरू होतो.

५/
जुन्या वसाहतीच्या जागेला मराठीत ‘पांढर’ म्हणतात : पिके येतात ती काळी, माणसे राहतात ती पांढरी. शेकडो वर्षांची राख, शेण, कोसळलेल्या भिंती यांनी माती पांढरट होते आणि तिचे टेकाड बनते. खेडुतांना हे पुरातत्त्वशास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. इनामगावची अशीच टेकाडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही या कामातील प्रमुख नावे. सविस्तर अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला.

६/
भारतीय पुरातत्त्वात त्या काळी ‘उभे’ उत्खनन रूढ होते : एक खोल खड्डा घ्यायचा, थर मोजायचे, कालक्रम लावायचा. इनामगावला उलट केले गेले. विस्तीर्ण क्षेत्र आडवे उघडले गेले. त्यामुळे सव्वाशेहून अधिक घरे, त्यांच्यामधील बोळ, चुली, अंगणे आणि पेवे नजरेसमोर आली. खापरांची केवळ वर्गवारी करून न थांबता कोण कोणाशेजारी राहत होते हे विचारता येईल, असे हे महाराष्ट्रातील दुर्मीळ स्थळ आहे.

७/
वस्तीचे तीन कालखंड मानले जातात. माळवा संस्कृतीचा, इ.स.पू. १६०० ते १४००. पूर्व जोर्वे, इ.स.पू. १४०० ते १०००. उत्तर जोर्वे, इ.स.पू. १००० ते ७००. ‘जोर्वे’ हे नाव संगमनेरजवळच्या, प्रवरेकाठच्या गावावरून पडले. तेथे १९५०-५१ मध्ये ही खापरे प्रथम ओळखली गेली. लाल मातीची, काळ्या रंगाने नक्षी काढलेली, टिचकी मारली तर खणखणणारी भांडी, लांब तोटीचे चंबू. लोक मुख्यतः दगडी पात्यांनी काम करीत. तांबे होते, पण जपून वापरण्याइतकेच.

८/
पूर्व जोर्वे हा भरभराटीचा काळ. घरे आयताकृती, कुडाच्या भिंतींची, ओळीने बांधलेली. जव हे मुख्य धान्य; जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. बोर, आवळा, जांभूळ रानातून येत. गुरे पुष्कळ, शेळ्यामेंढ्या, कुत्रा. शिकारीत चितळ, काळवीट, ससा. नदीतून मासे आणि कासव. एका खापरावर बैल जुंपलेल्या गाडीचे चित्र आहे. समुद्रापासून इतक्या आत शंखाचे अलंकारही सापडले. हे गाव एकटे पडलेले नव्हते.

९/
नदीच्या बाजूला सुमारे २४० मीटर लांबीचा दगड-मातीचा बांध आणि त्याला लागून खोदलेला चर सापडला. पुराचे पाणी वळवून शेतीसाठी साठवण्याची ही व्यवस्था, असे उत्खनकांचे मत. हे मत स्वीकारले तर घोडचे पाणी अडवण्याची खटपट या खोऱ्यात तीन हजार वर्षांहून जुनी ठरते. आज त्याच नदीवर वर डिंभे आणि खाली चिंचणी येथे धरणे आहेत.

१०/
आता वादाची जागा. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर सापडले, आसपासच्या घरांहून बरेच मोठे. त्याला लागून धान्यकोठार. त्याच घराच्या अंगणात चार पायांचा, पोटासारखा फुगीर मातीचा रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष. गावातील इतर प्रौढांना सहसा जमिनीत, उत्तरेकडे डोके करून, आडवे पुरत आणि घोट्याखालची पावले तोडून टाकत. मृताने निघून जाऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. या माणसाची पावले शाबूत होती.

११/
एवढ्यावरून उत्खनकांनी येथे ‘प्रमुखाची’ सत्ता होती असे अनुमान काढले. गावकरी धान्याचा हिस्सा या कोठारात आणून देत असावेत, बांधाचे काम याच सत्तेने करून घेतले असावे. अनुमान सयुक्तिक आहे. पश्चिमेच्या कडेला कुंभारासारखे कारागीर आणि मध्यभागी सधन घरे, ही मांडणीही त्याला पुष्टी देते. पण ते अनुमान आहे, शिलालेख नव्हे. ‘प्रमुख’ या शब्दापासून ‘महाराष्ट्राचा पहिला राजा’ या शब्दांपर्यंत जाण्यास इतिहासप्रेमींना एक क्षण पुरतो, आणि तेथेच पाऊल घसरते. मोठे घर, कोठार आणि वेगळे दफन इतकाच ऐवज हाती आहे. त्यावर मुकुट चढवणे हे आजच्या राजेप्रेमाचे लक्षण आहे, त्या काळाचा पुरावा नाही.

१२/
हाच संयम त्यांच्या वंशाबाबतही हवा. हे लोक मराठी बोलत नव्हते, कारण मराठी तेव्हा जन्मलेलीच नव्हती. ते कोणत्या भाषाकुळातील, हे मडक्यांच्या नक्षीवरून सांगता येत नाही. आजच्या एखाद्या जातीने वा समूहाने त्यांच्यावर नाव कोरणे म्हणजे बोलू न शकणाऱ्याच्या तोंडी आपले वाक्य घालणे होय.

१३/
घरातील देवाविषयीही एक शोध उल्लेखनीय आहे. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी, तिच्यात कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती, शिवाय एक शीरविहीन स्त्रीमूर्ती आणि बैल. शीरविहीन मूर्तीला छिद्र होते. काडीच्या आधाराने ती बैलाच्या पाठीवर बसवता येत असे. पुढील काळातील एखाद्या देवीशी तिचे थेट नाते जोडण्याची घाई नको. मात्र कोणीतरी ती मूर्ती स्वतःच्या घरात, पायांखाली, जपून ठेवली होती. मंदिराचा मागमूस नाही.

१४/
इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र बदलते. आयताकृती घरे मागे पडतात आणि लहान गोल झोपड्या येतात, घोळक्याने उभारलेल्या. जवाची शेती घटते. गुरांचे प्रमाण उतरते, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवरचा भार वाढतो. भांडी ओबडधोबड होतात. ढवळीकरांनी याची सांगड कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी घातली. पाऊस किती घटला आणि नेमका केव्हा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लोकांचे जगणे खडतर झाले, यावर मात्र फारसे दुमत नाही.

१५/
आणि तरीही गाव उठले नाही. इ.स.पू. १००० ते ७०० : तीनशे वर्षे. तुलनाच करायची तर शिवाजी महाराजांच्या जन्मापासून महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपर्यंतचा काळ ३३० वर्षांचा आहे. जवळजवळ तेवढा काळ माणसे त्याच टेकाडावर झोपड्या बांधत, पुन्हा बांधत राहिली. याला ‘ऱ्हास’ असा एकच शब्द लावून मोकळे होणे अन्यायाचे आहे. घराचा आकार बदलणे, पीक बदलणे, मेंढरांमागे हिंडणे, पुन्हा रान धुंडाळणे, हे सर्व निर्णय होते. कोणीतरी ते पिढ्यान्‌पिढ्या घेतले.

१६/
मात्र उलट टोकाला जाऊन ‘पूर्वजांची चिवट जिद्द’ असा गजर करणेही तितकेच चूक. कारण त्या टिकण्याची किंमत कोणी मोजली, हे जमिनीत लिहिलेले आहे.

१७/
इनामगावात सापडलेल्या दफनांपैकी बहुसंख्य लहान मुलांची आहेत. मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यात त्याला निजवत आणि घरातल्या जमिनीखालीच खड्डा करून पुरत. शेजारी वाडगे, तोटीचा चंबू. कदाचित पाणी, कदाचित दूध. त्याच जमिनीवर पुढे चूल पेटे आणि इतर भावंडे वाढत. या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ सालच्या ग्रंथात विशेषतः मुलांच्या हाडांचा वेध घेतला. उत्तर जोर्वे काळातील मुलांच्या वाढीत आबाळीच्या खुणा त्यांना दिसल्या.

१८/
म्हणजे गाव टिकले, पण सर्वांनी सारखे सोसले नाही. अवर्षणाचा पहिला घाव तान्ह्यांवर पडला. लढायांच्या इतिहासात मृतांची संख्या मोजली जाते. या तीनशे वर्षांच्या झुंजीत पडलेल्यांचे वय महिन्यांत मोजावे लागते. वीरगाथेत त्यांना जागा नाही, म्हणून इतिहासातही नसावी काय?

१९/
येथे कोठाराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पाऊस कमी होणे ही निसर्गाची गोष्ट. उरलेले धान्य कोणाच्या ताब्यात राहते ही माणसांची. या परिसराच्या नंतरच्या इतिहासात हे लख्ख दिसते. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि ते लोण शिरूर तालुक्यातही पोहोचले. १८७६–७८ चा महादुष्काळ तर त्यानंतर आला. म्हणजे आकाश रुसण्याआधीच घर पोखरले गेले होते. अडीच-तीन हजार वर्षांच्या अंतरावरील दोन समाजांना एका मापाने मोजू नये, हे खरे. पण ‘दुष्काळाने मारले’ हे उत्तर १८७६ बाबत अपुरे ठरत असेल, तर इ.स.पू. १००० बाबत ते पुरेसे मानण्याचे कारण काय? पाच खोल्यांच्या घरातील कोठार आणि गोल झोपडीतील मडके यांत शेवटी काय उरले होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

२०/
इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती थांबली. माणसे कोठे गेली? ‘नष्ट झाली’ हा शब्द येथे बसत नाही. कत्तलीचे किंवा आगीने बेचिराख झाल्याचे चित्र उत्खननातून उभे राहत नाही. कळपांमागे हिंडणाऱ्यांनी एके वर्षी परत न येणे, इतकी शांत ती घटना असू शकते. काही शतकांनी कुकडीकाठी जुन्नर भरभराटले, नाणेघाटातून व्यापार वाहू लागला, लेणी कोरली गेली. तेथून पुढच्या इतिहासाला राजांची नावे आहेत आणि म्हणून तो सर्वांना पाठ आहे.

२१/
‘राजे नाहीत, लढाई नाही, मग यात इतिहास तो काय?’ असा आक्षेप अशा विषयावर हमखास येतो. त्याला उत्तर एवढेच की किल्ल्यावर ज्यांनी रसद पोहोचवली, ज्यांच्या शेतांतून फौजा गेल्या, ज्यांनी भीमथडीची तट्टे पोसली, त्या माणसांची चूल कशी होती हे शिवकाळाबाबतही फार थोडे ठाऊक आहे. इनामगावच्या बाबतीत ते ठाऊक आहे, चुलीच्या मापासकट.

२२/
आज घोडच्या या पट्ट्यात कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, न्हावऱ्याला साखर कारखाना आहे. पाऊस मात्र ५०० मिलिमीटरच्याच घरात आहे. इनामगावच्या बांधालाही कोणे एके काळी कायमचा आधार मानले गेले असणार. पुढे तो बांध गाळाखाली गेला, आणि विसाव्या शतकात खोऱ्याफावड्याने शोधून काढावा लागला.