बाटलीवर ‘सेंद्रिय’, पण गोठ्यात काय? दुधाचा ब्रँड पारखायचा कसा

गावातल्या संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा भाव दोन आकड्यांवर ठरतो : ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. गाय दिवसभर दाव्याला बांधलेली होती की मोकळी फिरत होती, तिने काय खाल्लं, याचा रकाना पावतीवर नसतो. शहरात मात्र नेमक्या याच गोष्टी सांगून ‘सेंद्रिय’, ‘देशी’, ‘ए-टू’ नावाची बाटली साध्या दुधाच्या दुप्पट-तिप्पट दराने विकली जाते. २०२४ मध्ये दर पडले तेव्हा दूध उत्पादकांसाठी राज्य सरकारला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. म्हणून हा प्रश्न फक्त शहरातल्या गिऱ्हाइकाचा नाही. जादा पैसे नेमके कशाचे घेतले जातात, हे गोठेवाल्यालाही कळायला हवं.

ए-टू म्हणजे सेंद्रिय नव्हे

सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. ए-टू हा दुधातल्या बीटा केसीन नावाच्या प्रथिनाचा प्रकार आहे. तो जनावराच्या जातीवर अवलंबून असतो. गीर, साहिवाल, देवणी अशा देशी गाईंमध्ये तो बहुतांश सापडतो, म्हशीच्या दुधातही असतो. पण गीर गाय अंधाऱ्या गोठ्यात बांधून, बाजारची पेंड घालून, इंजेक्शनं देऊन पाळली तरी दूध ए-टूच राहतं. म्हणजे हा शब्द पाळण्याच्या पद्धतीबद्दल काहीच सांगत नाही.

२१ ऑगस्ट २०२४ ला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) पाकिटांवरचे ए-वन, ए-टू दावे काढायला सांगितले होते. पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला गेला. शब्द बाटलीवर राहिला, गोंधळही राहिला.

खरी गोम पेंडीत

सेंद्रिय दुधाची पहिली अट म्हणजे सेंद्रिय चारा. राष्ट्रीय सेंद्रिय मानकांनुसार जनुकीय बदल केलेल्या पिकाचं खाद्य आणि युरिया चालत नाही. रसायनाने तेल काढलेली पेंड, म्हणजे आपल्याकडे डीओसी म्हणतात ती, हीसुद्धा चालत नाही.

आता आपल्या दावणीकडे बघा. दुधाळ गाईला सरकी पेंड ठरलेलीच. राज्यात कापूस जवळपास सगळा बीटी. म्हणजे सरकीही बीटीचीच. उसाचं वाढं स्वस्तात मिळतं, पण ते तणनाशक मारलेल्या फडातलं असेल तर सेंद्रिय कसं म्हणायचं? त्यामुळे ब्रँडला विचारायचा पहिला प्रश्न हाच : पेंड कोणती आणि चारा कुठल्या रानातला?

खाद्याचा प्रश्न आरोग्याचाही आहे. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे घातक ठरलेले नमुने निघाले फक्त १२. पण अफ्लाटॉक्सिन एम-वन हे विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने ३६८ होते, तर प्रतिजैविकांचे अंश जास्त असलेले ७७. अफ्लाटॉक्सिन येतं ते बुरशी लागलेला मका आणि पेंड खाऊ घातल्याने. दूध उकळून ते जात नाही.

गोठा, औषध आणि वासरू

जनावराची निगा डोळ्यांनी दिसते. गाय मुक्त संचार गोठ्यात आहे का? निवांत बसून रवंथ करते का? चोवीस तास पाणी समोर आहे का? गुडघे सुजलेले, खूर वाढलेले असतील तर जमीन कडक आहे आणि गाय जागेवरून हलत नाही, हे ओळखावं.

‘आम्ही औषधच देत नाही’ असं कुणी सांगत असेल तर खूश होऊ नये. कासदाह झालेल्या गाईला उपचार न देणं ही निगा नव्हे. लाळ्या-खुरकूत, लम्पीची लस सेंद्रिय गोठ्यातही देता येते. प्रश्न असा विचारायचा : प्रतिजैविक दिल्यावर त्या गाईचं दूध किती दिवस वेगळं काढता आणि त्याची नोंद कुठे आहे? दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन देणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हाच आहे.

शेवटचा प्रश्न वासराचा. त्याला चीक आणि पोटभर दूध मिळतं का? गोऱ्हा झाला तर त्याचं पुढे काय होतं? जाहिरातीत गाईशेजारी वासरू असतंच, पण या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारे ब्रँड कमी.

शिक्का कोणाचा?

‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘शुद्ध देशी’ हे जाहिरातीचे शब्द आहेत. ‘सेंद्रिय’ शब्दाला मात्र २०१७ चे नियम लागू आहेत. पाकीटबंद सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ चिन्ह लागतं. त्यामागे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एक प्रमाणपत्र असतं. स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढालीच्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण त्याला हे चिन्ह वापरता येत नाही. अशा ठिकाणी गोठा स्वतः पाहणं हाच उपाय.

गोठेवाल्याच्या हाती काय?

पीजीएसमध्ये किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांची तपासणी करतो, त्यामुळे खर्च कमी येतो. पण कागद लागतात : चारा कुठून आला, कोणत्या गाईला कधी कोणतं औषध दिलं, किती दिवस दूध वेगळं ठेवलं. ही वही बहुतेक गोठ्यांत नाही. वहीच नसेल तर चांगला सांभाळलेल्या गाईचं दूधही सगळ्यांबरोबर एकाच कूलरमध्ये जातं आणि भाव फॅटचाच मिळतो.

एखादी कंपनी ‘सेंद्रिय’ नावाने दूध गोळा करायला गावात आली, तर सह्या करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. बाटलीच्या जादा दरातला किती वाटा गोठ्यात येणार आणि प्रमाणपत्र कोणाच्या नावावर राहणार? प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर असेल, तर उद्या करार तुटल्यावर शेतकऱ्याच्या हाती पुन्हा फॅटची पावतीच उरेल.